पासपोर्टात माझं घर

"डोन्ट टच! डोन्ट टच इट! अनन्या, ठेव तो ग्लास खाली! आत्ताच्या आत्ता!"

मिस अशी ओरडली की शेजारच्या दालमिलीचा भोंगा लाजून गप्प बसला. बाभळीवरचे कावळे उडाले ते मारेगावच्या अलीकडे कुठं टेकले नसतील. अनन्याच्या हातातला स्टीलचा ग्लास ओठांपासून दोन बोटांवर अडला. त्यात लिंबाचं सरबत होतं. वर एक बी तरंगत होती. ती बी मला अजून दिसते.

अनन्यानं ग्लास परातीत परत ठेवला. बाकीच्या चाळीस ग्लासांच्या शेजारी.

"सगळ्यांनी हात पुढे करा."

मिसनं पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली. रांगेनं प्रत्येकाच्या तळहातावर थेंब टाकत आली. रांगेत बाराव्या नंबरवर मी होते. ग्रेड सेव्हन, टाय, मोजे, केसांना दोन रिबिनी. माझ्यासमोर बाटली आली. मी हात पुढे केला.

थेंब थंड लागला.

ते अंगण माझं होतं. सकाळी शेणानं सारवलेलं. परात आमची होती. आणि परात धरून उभी असलेली बाई, जिच्या हातचं पिऊ नये म्हणून चाळीस पोरं हात चोळत होती, ती माझी माय होती. मीसुद्धा चोळले. चांगले घासून चोळले. बोटांच्या बेचक्यांतून.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मागाहून भांडण नको. मी थापाडी आहे. साधीसुधी नाही, नामांकित. लोहाऱ्यात मी थाप मारली की ती यवतमाळच्या बसस्टँडवर पोचेपर्यंत तिला पाय, शेपूट आणि मिशा फुटलेल्या असायच्या. पण ते सॅनिटायझर, ते हात, ते चोळणं, यात मी एका थेंबाची भर घातलेली नाही. घालता आली असती तर बरं झालं असतं.

त्या शाळेत मी कशी आले, तर लॉटरीनं. मोठ्या शाळांना गरिबांच्या पोरांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवाव्या लागतात, त्यातली एक. पहिलीला नंबर लागला तेव्हा मायनं वस्तीभर साखर वाटली. शाळेचं गेट एवढं होतं की हत्ती बायकापोरांसकट आडवा निघून गेला असता. आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर चार घड्याळं. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, सिडनी. यवतमाळात किती वाजले ते विचारायला शिपाईकाकांकडं जावं लागायचं. वर्गांना नावं खंडांची. आमचा वर्ग आफ्रिका. व्हरांड्यात इतके झेंडे की वारा सुटला की अख्खं जग फडफडायचं. आणि दर सोमवारी प्रार्थनेत प्रिन्सिपल मॅडम माइकवर सांगायच्या, तुम्ही भारताचे नाही, जगाचे नागरिक आहात. मी मागच्या रांगेत छाती फुगवून ऐकायचे. जगाची नागरिक. लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या भिंतीमागं राहणारी.

जगाच्या नागरिकाला पत्ता लागतो. माझ्या पत्त्यावर टिनाचं छप्पर होतं. म्हणून मी थापा मारायला लागले. भूक लागली की जेवतात तशा.

पहिली थाप: माझ्या बाबाची राजूरला कोळशाची खाण आहे. खरं म्हणजे बाबा तिथं ठेकेदाराकडं कोळसा भरायला होता. पंधरा दिवसांतून एका रविवारी घरी यायचा. खाण त्याची नव्हती, पण ती त्याच्या नखांत होती, कानांत होती, थुंकीत होती. थोडीथोडी करून त्यानं अर्धी तरी घरी आणली असेल.

दुसरी थाप: आमची गाडी एवढी लांब आहे की शाळेच्या वळणावर वळत नाही. म्हणून ड्रायव्हर मला अलीकडंच उतरवतो. खरं म्हणजे मी पायी यायचे. वळणावर बाभळीच्या आड उभी राहून बुटांवरची धूळ मोज्यानं पुसायचे आणि मग तो मोजा उलटा घालायचे.

तिसरी: माझ्या आजीनं टिपेश्वरच्या जंगलाकडून आलेल्या वाघाला चुलीची फुंकणी दाखवून हाकललं. ही खरी आहे. आजीच्या पिंढरीवर खूण होती. वर्गानं खाण मानली, गाडी मानली, वाघ मानला नाही. "दॅट्स टू मच," अनन्या म्हणाली होती.

अनन्या माझी मैत्रीण. तिचे वडील डॉक्टर. ती माझ्या थापा अशी ऐकायची जशी पोरं आइसक्रीम खातात, शेवटी काडीसुद्धा चोखून. तिला त्या थापा आहेत हे ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही.

सातवीला पुण्याहून नवीन मिस आली. 'जग आणि आपण' हा विषय शिकवायला. तिनं आम्हा सगळ्यांना निळ्या रंगाचा पासपोर्ट दिला. खरा नाही, शाळेनं छापलेला. आत फोटो, नाव, सही. प्रत्येक पानावर एका देशाची जागा. त्या देशावर प्रकल्प केला की मिस गोल शिक्का मारायची. 'व्हिजिटेड.' मी ब्राझीलला जाऊन आले, केनियाला जाऊन आले, जपानला तर दोनदा. माझ्या पासपोर्टात सगळ्यांत जास्त शिक्के. कारण मी त्या देशांबद्दल असं बोलायचे की मिसला वाटायचं, ही कालच विमानातून उतरली. ती म्हणायची, "यू आर अ बॉर्न स्टोरीटेलर." मी त्या वाक्यावर आठवडा काढायचे.

मग फेब्रुवारीत तिनं जाहीर केलं, पुढचा धडा 'जग कसं जगतं'. आणि त्यासाठी खरी भेट. कुठं, ते सरप्राइज.

बस शाळेतून निघाली. मला वाटलं, कापसाचं जिनिंग दाखवणार. जिनिंग मागं गेलं. मला वाटलं, दालमिल. बस दालमिलीपाशी डावीकडं वळली. त्या वळणापुढं फक्त एकच गोष्ट आहे. मी मनात म्हणाले, टायर फुटू दे. इंजिन पेटू दे. एक म्हैस आडवी येऊ दे, बास एक म्हैस. रोज त्या रस्त्यावर म्हशींची गर्दी असते. त्या दिवशी एक नाही. जशा काही सगळ्या म्हशी लंडनला गेल्या होत्या.

बस आमच्या वस्तीच्या तोंडाशी थांबली.

आधी काय झालं होतं ते मला संध्याकाळी कळलं, पण इथंच सांगते. मिसनं अंगणवाडीच्या ताईला फोन केला होता, मुलांना एक घर आतून पाहायचं आहे, स्वच्छ असेल तर बरं. ताईनं विचार केला, यांच्या शाळेत आपल्या वस्तीतली एकच पोरगी आहे, मग मान तिच्याच मायचा. तिनं मायला सांगितलं. आणि मायनं मला सांगितलं नाही. तिचंही सरप्राइज! पोरीच्या वर्गातले लेकरं घरी येऊन राह्यले, पोरीला अचानक दाखवू. तिनं दालमिलीत खाडा केला. विहारातून महिला मंडळाचे एक्केचाळीस ग्लास आणले, ज्यांच्यावर बारीक अक्षरात मंडळाचं नाव कोरलंय, जे लग्नाला आणि जयंतीलाच निघतात. चाळीस पोरांचे चाळीस, एक मिसचा. राखेनं घासले. लिंबं पिळली. आणि लग्नातली जांभळी साडी नेसून दारात उभी राहिली.

आम्ही रांगेनं आलो. तिनं मिसला हात जोडले. "जयभीम जी."

"हाय," मिस म्हणाली.

मायनं रांगेवरून नजर फिरवली. मी अनन्याच्या मागं होते. तरी मायला सापडले. आणि ती हसली. असं हसू मी तिच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी बसची नंबरप्लेट वाचायला लागले. एमएच एकोणतीस. पुढचे आकडे तीनदा वाचले.

"शी इज लुकिंग अॅट यू," अनन्या कुजबुजली. "डू यू नो हर?"

"नो."

मायला इंग्रजी येत नाही. पण 'नो' समजायला इंग्रजी लागत नाही. हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं.

मग ग्लास. मग ओरडणं. मग थेंब. मिसनं मायला समजावलं, आवाज एकदम मऊ करून. "मावशी, राग मानू नका हं. बाहेरचं पाणी चालत नाही मुलांना. सोर्स माहीत नसतो ना."

"नाही जी, राग कायचा. लेकरं उन्हातून आले म्हनून."

सोर्स मला माहीत होता. जो टँकर शाळेत यायचा तोच आमच्याकडं यायचा. आधी शाळेत, मग उरलेलं घेऊन वस्तीत. ड्रायव्हर एक, पाइप एक, पाणी एक. मी बोलले नाही. बोलायला तोंड लागतं, आणि माझं तोंड त्या वेळी परदेशात होतं.

पोरांकडं प्रश्नांचे कागद होते. घरात किती माणसं. किती खोल्या. फ्रिज आहे का. ती दारातूनच डोकावून लिहीत होती. आत कोणी गेलं नाही. एका मुलाला सगळ्या देशांच्या राजधान्या पाठ होत्या. त्यानं आतल्या भिंतीवरचा निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो पाहिला, खालची जळती मेणबत्ती पाहिली, आणि मायला विचारलं, "हे तुमचे मिस्टर का?"

माय म्हणाली, "नाही बाळा. आमचा सगळ्याईचा बाप हाय तो."

त्यानं कागदावर लिहिलं: वडील, सूट घालतात. बहुतेक वकील.

तुम्ही म्हणाल ही थाप आहे. मी तो कागद पाहिला. शिवाय, त्यानं अंदाज अगदीच चुकीचा बांधला नव्हता.

शेवटी मिसनं विचारलं, "मावशी, मुलं किती तुम्हाला?"

मायनं माझ्याकडं पाहिलं नाही. परातीकडं पाहिलं. "एक पोरगी हाय जी."

"कुठंय ती?"

"शाळेत गेली."

"अरे वा. कोणत्या?"

"मोठ्या," माय म्हणाली.

माझी थाप तिनं उचलून धरली होती. पहिल्यांदाच खोटं बोलली ती, माझ्यासाठी, आणि किती सफाईनं. माझी विद्या कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं.

एका मुलानं कॅमेरा काढला. "मावशी, स्माइल!" तिनं मान वर केली. समोर कॅमेऱ्याच्या मागं मीच होते. ती हसली.

बसपाशी मिसनं पासपोर्ट मागितले. एकेक करून शिक्का मारला. माझा माझ्या हातात आला. जपानच्या पुढचं पान. देशाच्या जागी मिसच्या सुंदर अक्षरात: लोहारा स्लम. खाली गोल शिक्का. 'व्हिजिटेड.'

मी माझ्या घराला भेट देऊन आले होते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा माय ग्लास धूत होती. न उष्टावलेले ग्लास. सरबत वस्तीतल्या पोट्ट्यांनी वाटीवाटीनं संपवलं होतं. मी दारात उभी राहिले. वाटलं, मारेल. मी मनातल्या मनात म्हणत होते, मार. फुंकणी घे, वाघाला दाखवली तशी. ती म्हणाली, "हात धू. भाकर हाय."

मी हात धुतले. सॅनिटायझरचा वास जाईना. तीनदा धुतले, राखेनं धुतले. वास जाईना. भाकरी तोंडाशी नेली की तोच वास. मी उपाशी उठले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याही. माय विचारायची, "काहून वो?" मी म्हणायचे, पोट दुखते. अख्ख्या जन्मात एवढी रद्दड थाप मी मारली नव्हती.

चौथ्या दिवशी ती ग्लास विहारात परत द्यायला निघाली. मी मागं गेले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मी तुले ओळखलं नाही तिथं. बरं केलं ना?"

मी मान हलवली. मला मरून जावंसं वाटलं. हे वाढवून नाही. विहिरीच्या कठड्यावरून आत पाहत मी किती वेळ बसले होते ते मलाच माहीत. तळाशी पाणी नव्हतं, म्हणून वाचले असंही म्हणता येईल.

मार्चमध्ये शाळेचा 'ग्लोबल डे'. हॉल असा सजवला की लग्नाचा मांडव त्याच्यापुढं गोठा. पालक, मोठे पाहुणे, परीक्षण करायला आलेले दोन परदेशी साहेब. आणि स्टेजवर, छतापासून जमिनीपर्यंत, माझी माय. एवढी मोठी की तिच्या एका डोळ्यात मी आरामात झोपले असते. जांभळी साडी. हातात परात. खाली सोनेरी अक्षरं: तिच्याकडे काहीच नाही, तरी ती हसते.

तिच्यावर बोलणार कोण? बॉर्न स्टोरीटेलर. मिसनं भाषण लिहून दिलं. दोन आठवडे घोकून घेतलं. ही बाई कोण आहे आपल्याला ठाऊक नाही, पण तिच्या हसण्यात जग आहे. मी पाठ केलं. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. नाही म्हणायचं म्हणजे काहून ते सांगायचं.

आणि पहिल्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मायच बसलेली. शाळेनं बोलावलं होतं, 'वस्तीची पाहुणी' म्हणून. तिला पिशवी दिली होती, स्वच्छता किट. साबण, टॉवेल आणि सॅनिटायझरची बाटली. ती मांडीवर घेऊन बसली होती. घरून आणलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, पायापाशी. सकाळी घरून निघताना तिनं मला म्हटलं होतं, "तू तुयं भाषन दे. मी वरतं पाहणार नाही, खालीच पाहीन." आणि ती खरंच खाली पाहत होती. स्वतःच्या एवढ्या मोठ्या फोटोपुढं मान खाली घालून.

मी माइकपाशी गेले. पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. "हिच्याकडे काहीच नाही, तरी ती हसते." आणि तिथं थांबले.

पुढचं वाक्य आठवत होतं. तोंडात होतं. निघेना.

मग जे निघालं ते इंग्रजीत नव्हतं आणि शाळेच्या मराठीतही नव्हतं.

"हे खोटं हाय. हे काही नसताना हासून नाही राह्यली. हे मले पाहून हासून राह्यली. फोटो काढला तवा मी समोर उभी होती. हे माही माय हाय. आम्ही गेलतो ते माहं घर हाय. अनन्यानं मले विचारलं, तू हिले ओळखतं का, अन् मी म्हनली, नाही. ते सरबत तिनं माह्यासाठी केलतं. तुमी ते पेले नाही. मी बी नाही पेली."

मी माइकपासून मागं सरले.

आणि मग टाळ्या. आधी एक, मग दहा, मग सगळे. परदेशी साहेब उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होती. मिस धावत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाली, "व्हॉट अ परफॉर्मन्स! बोलीभाषेसकट! ही आमची कथाकार. हिच्या कल्पनेला तोड नाही. खरं तर हिच्या वडिलांची खाण आहे!"

आणखी टाळ्या.

मी ओरडले, "मिस, खरं हाय!" टाळ्या वाढल्या. "खाण खोटी हाय! माय खरी हाय!" लोक हसले, कौतुकानं. मी वर्गाकडं पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. सहा वर्षं मी त्यांना एवढं खोटं खाऊ घातलं होतं की खऱ्यासाठी त्यांच्या पोटात जागा राहिली नव्हती. खाण मानली, गाडी मानली, वाघ मानला नाही, माय मानली नाही. फक्त अनन्या टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती.

त्या टाळ्यांत मी बुडत होते. हात वर करून, श्वास संपून. माणूस आपली माय आपलीच आहे हे कशानं सिद्ध करतो? आणि कोणापुढं? आणि कायले?

मी स्टेजवरून खाली उतरले. पायऱ्यांनी नाही, उडी मारून. मायपुढं उभी राहिले. तिची मान अजून खालीच.

"माय, पानी दे."

तिनं वर पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "जाय तिकडं. पाहून राह्यले सगळे."

"पाहू दे. पानी दे."

तिनं फडक्यातली बाटली काढली. झाकण उघडलं. मी बाटलीला तोंड लावलं. आणि मागून स्टेजवरून, माइक चालू असताना, मिसच्या तोंडून सवयीनं निघालं:

"डोन्ट टच..."

तेवढंच. पुढचं तिनं गिळलं. पण माइकनं ते हॉलभर नेलं, चार घड्याळांपर्यंत, सगळ्या झेंड्यांपर्यंत. टाळ्या थांबल्या. मी पीत राहिले. बाटली संपेपर्यंत. गळ्यातून आवाज होत होता आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पाणी हनुवटीवरून टायवर सांडलं. एवढं पाणी मी जन्मात प्याले नाही. अख्खा टँकर प्याले म्हटलं तरी चालेल.

मग आम्हाला ऑफिसात बोलावलं.

प्रिन्सिपल मॅडम खुर्चीत. मिस बाजूला उभी, हातात रुमाल. मॅडम कधी ओरडत नसत. त्यांनी मायला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "ताई, आधार कार्ड आहे का?"

मायनं कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. मॅडमनी संगणकात माझा अर्ज उघडला. कार्ड पाहिलं, पडदा पाहिला, कार्ड पाहिलं. मग खात्री पटली. सरकारनं सांगितल्यावर मी माझ्या मायची झाले.

"आधी सांगायला हवं होतं बेटा," त्या मला म्हणाल्या. "आपण दुसरी वस्ती घेतली असती."

मी दप्तरातून पासपोर्ट काढला. पान उघडून टेबलावर ठेवलं. मिसकडं सरकवलं.

"मिस, हा शिक्का खोडा."

"अगं, तो फक्त एक..."

"ब्राझीलचा राहू द्या. केनियाचा राहू द्या. हा खोडा. तुमी आमच्या घरी आल्याच नाही. दारातूनच परत गेल्या."

मिसनं पासपोर्टाला हात लावला नाही. ती रडत होती की घाम पुसत होती, मला कळलं नाही, आणि मला कळून घ्यायचंही नव्हतं. त्या खोलीत उभ्याउभ्या मी स्वतःशी एक गोष्ट पक्की केली. थापा मी मारीन. मरेपर्यंत मारीन, खाणीच्या, गाड्यांच्या, जपानच्या. ते माझं भांडवल आहे. पण जिच्या हातचं पाणी नको म्हणून हे हात चोळतात, तिला मी पुन्हा नाही म्हणणार नाही. आणि ही खुर्ची, हा बाक, हे आफ्रिका नावाचं पोकळ खंड, हे मला कोणी दान दिलेलं नाही. कायद्यानं आलेली जागा आहे. आठवी संपेपर्यंत इथून मला कोणी हलवून दाखवावं.

पासपोर्ट मी उचलला नाही, तसाच उघडा राहू दिला.

मॅडमनी चष्मा काढला. आवाज आणखी मऊ झाला. मऊ आवाजाला मी तेव्हापासून भिते.

"हे बघा ताई. पोर हुशार आहे, वाद नाही. पण खोटं बोलायची सवय, आज हे असं पाहुण्यांसमोर... तिलाच जड जातंय इथं. तुमच्या घराजवळ जिल्हा परिषदेची चांगली शाळा आहे. आपल्या माणसांत राहील. तुम्ही म्हणत असाल तर मी दाखला आजच्या आज तयार करून देते. तिच्या भल्यासाठीच म्हणते."

मायनं मांडीवरची स्वच्छता किटची पिशवी उचलली. टेबलावर पासपोर्टाच्या बाजूला नीट ठेवली. आपलं आधार कार्ड परत घेतलं. रिकामी बाटली फडक्यात गुंडाळली. उभी राहिली. आयुष्यभर 'व्हय जी, नाही जी' म्हणणारी माझी माय. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते. त्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

"दाखला नाही पायजे," ती म्हणाली. "उद्या तिचा गणिताचा पेपर हाय."